दुखलं तर या

माय, तुझा पाय का दुखत नव्हता ते मला परवा कळलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुकानात बसते, मशीनवर पाय ठेवते, आणि फॉल साडीच्या उलट्या बाजूने लावून मोकळी होते. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं तेव्हा समजतं. सून विचारते, आई, तुम्हाला झालंय तरी काय? तिला काय सांगू, की माझी आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला आज धक्का बसलाय? ती मला पाणी देईल आणि नवऱ्याला फोन लावेल. म्हणून तुलाच लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, पण शाळेतून आलेला कागद तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि मी मधली एखादी ओळ गाळली की बरोबर पकडायचीस. तेव्हा आता नीट ऐक, मी काही गाळणार नाही.

प्लेगची पळापळ होऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पळालेले सगळे खान्देशातून परत आले होते, आपल्या वस्तीतल्या, गोडादऱ्यातल्या खोल्या पुन्हा भरल्या होत्या, आणि तू वरच्या माळ्यावरच्या कारखान्यातून साड्या आणून घरी टिकल्या लावायचीस. त्या कारखान्याचा जिना लोखंडी होता, उभा, दोन पायऱ्यांच्या मधून खालची गटार दिसायची. डोक्यावर गठ्ठा घेऊन तू तो रोज उतरायचीस, एका हाताने गठ्ठा, एका हाताने कठडा, आणि वर शेठशी भांडणही चालू. त्या दिवशी मी शाळेतून येत होते. तू अर्ध्या जिन्यावर होतीस, मला बघून काहीतरी ओरडलीस, आणि तुझा डावा पाय पायरीच्या फटीत गेला. पाय तिथेच राहिला आणि तू फिरलीस. कड असा आवाज आला. मला वाटलं कठडा तुटला.

मी धावत वर आले तर तू पायरीवर बसलेली. पाय समोर होता, पण पाऊल समोर नव्हतं. गुडघा माझ्याकडे बघत होता आणि अंगठा भिंतीकडे. घोट्याच्या आतल्या बाजूला हाड कातडीला असं दाबत होतं की कातडी पांढरीफटक पडली होती. आणि तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, आधी साड्या उचल, डाग लागला तर शेठ परत घेणार नही. मी रडायला लागले तर मलाच दटावलंस. शेठ खाली आला, त्यालाच चक्कर आली. एवढा मोठा माणूस, पायरीवर बसला तोंडाला रुमाल धरून. त्याच्या कारागिरांनी तुला खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं, आणि रिक्षात तू पाय माझ्या मांडीवर ठेवून बाहेरची रहदारी बघत होतीस. मी त्या पायाकडे बघत नव्हते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, गुजराती, बारीक मिशीचा. त्याने पाऊल बघितलं आणि एक्सरेची वाट न बघता आधी ते जागेवर बसवायचं म्हणाला. कातडी मरायच्या आत बसवायला हवं, म्हणे. सुई दिली, एकाने गुडघा धरला, त्याने टाच धरून ओढलं आणि फिरवलं. मी दाराशी उभी होते. बाजूच्या खाटेवरचा माणूस बघूनच विव्हळला, आणि तू त्या डॉक्टरला विचारत होतीस की लग्न झालं का. तो थांबला. तुझ्या तोंडाकडे बघत त्याने विचारलं, ‘‘बेन, दुखतुं नथी?’’

‘‘थोडं थोडं,’’ तू म्हणालीस, आणि हसलीस. ते हसणं मी पुढे किती जणांना करून दाखवलं असेल, माय. आमची आई म्हणजे काय चीज होती ते सांगायचं असलं की मी तेच सांगायचे.

आप्पा गिरणीतली पाळी सोडून आले, अंगावर कापसाची तूस तशीच. डॉक्टरने त्यांना एक्सरे उजेडाला धरून दाखवला. नडगीचं मोठं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड, ही दोन्ही खाली येऊन पावलाच्या हाडाला दोन्हीकडून धरतात, आपण सांडशीने पातेलं धरतो तसं. तुझी सांडशीची दोन्ही टोकं तुटली होती, आणि दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टाही फाटला होता. म्हणून पाऊल निसटलं. आतून पट्टी आणि स्क्रू घालावे लागतील, तो म्हणाला, पण आज नाही. सूज एवढी आहे की चिरलं तर कातडी पुन्हा मिटायची नाही. कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या की मग ऑपरेशन. तोवर पाय उशीवर, हृदयाहून उंच. रक्तही तपासलं, साखर निघाली. तो म्हणाला, साखर भारी आहे, ह्यांचं हाड उशिरा जुळेल, ह्यांनी जास्त जपायचं. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. साखर म्हणजे चहात घालायची नाही, एवढं आम्हाला समजलं.

मग रोज सकाळी आपण दोघी तुझ्या घोट्यावर सुरकुत्या शोधत बसायचो. काळानिळा, चकचकीत, फुगलेला पाय, त्यावर पाण्याचे फोड. तू म्हणायचीस, जगात बाया सुरकुत्या घालवायला मलम लावतात अन् मी म्हातारी व्हायची वाट पाहतेय. नर्स हसून लोटपोट व्हायची. एके दिवशी सकाळी खरंच दिसल्या, बारीक, उन्हात वाळलेल्या लिंबाच्या सालीसारख्या, आणि तू मला हाका मारून बोलावलंस. ऑपरेशन झालं. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला स्क्रू, आणि एक लांब स्क्रू दोन्ही हाडांतून आडवा. घरी सोडताना डॉक्टर तुझ्या खाटेपाशी बसला. पाय जमिनीला टेकवायचा नाही, तो म्हणाला, मी एक्सरे काढून सांगेपर्यंत अजिबात नाही, प्लास्टर निघालं तरी नाही. मग आप्पांनी विचारलं, मधे काही झालं तर? तो म्हणाला, दुखलं तर या, लगेच या.

ह्या एका वाक्यावर आपण सगळ्यांनी जीव टांगला, माय. त्याने बाकी जे सांगितलं ते हवेत गेलं आणि ‘दुखलं तर या’ तेवढं घरात राहिलं. शेजारीण विचारायला आली, काय म्हणे डॉक्टर? दुखलं तर या. धुळ्याहून मामा आला, काय म्हणे डॉक्टर? दुखलं तर या. आणि तुझं तर दुखतच नव्हतं. तू वॉकर धरून एका पायावर मोरीपर्यंत जायचीस, खाटेवर बसून टिकल्या लावायचीस, माझ्या पोळ्यांना नावं ठेवायचीस. जी बाई भेटायला यायची ती तोंडात बोटं घालून जायची. एवढं लोखंड पायात, आणि हुं की चूं नाही. आप्पासुद्धा कौतुकाने सांगायचे की माझ्या बायकोचं हाड वाघिणीचं आहे. मी पण सांगायचे. सगळ्यांत जास्त मीच सांगायचे.

श्रावण आला. प्लास्टर निघालं होतं, पाय बारीक झाला होता, पण सरळ दिसत होता. एक्सरेची तारीख अजून लांब होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली, आपल्याच खोलीत, कारण थोरल्या घराची तू मोठी सून. नारळाला नथ घातली, डोळे लावले, चौरंग सजवला. तू सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन डॉक्टरला खूश केलंस आणि दुपारी रोट आणि खीर खाऊन देवीला. रोट बाहेरच्याला द्यायचे नसतात, घरातल्यांनीच संपवायचे असतात, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस तू ते पथ्य निष्ठेने पाळलंस. आता हसू येतं. सोमवारी सकाळी कानबाई पोचवायला तापीवर जायचं होतं. डोक्यावर चौरंग दरवर्षी तू घ्यायचीस. ह्या वर्षी काकूने घ्यायचा असं ठरलं होतं, तिने नवी साडीही काढून ठेवली होती.

ढोल वाजायला लागला आणि तू खाटेवरून उठलीस. वॉकर बाजूला केलास. दोन्ही पाय जमिनीवर. मी पुढे होऊन तुझा दंड धरला आणि म्हणाले, ‘‘माय, डॉक्टरने पाय टेकवायला मना केलंय.’’

‘‘दुखलं तर या म्हणे ना तो?’’ तू म्हणालीस. ‘‘माले काहीच दुखत नही. एवढं हाड मोडनं, कुणामुळे नही दुखनं? तिनामुळे.’’ आणि चौरंगाकडे हात जोडलेस.

काकूने गुपचूप चौरंग तुझ्या डोक्यावर दिला. आप्पांनी टोपी काढून नमस्कार केला. गोडादऱ्यापासून तापीपर्यंत तू अनवाणी चाललीस, डांबरावरून, खडीवरून, आणि काठावर काकूचे हात धरून फुगडीसुद्धा घातलीस. बायका तुझ्या पाया पडत होत्या. त्याच पायावर, माय. डाव्या. एक म्हातारी तर त्या घोट्याच्या टाक्यांवर कपाळ टेकवून रडली. मी तुझ्यामागे कळशी घेऊन होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता, अभिमानाने. आपल्या घरात देवी आली असं वाटत होतं मला.

संध्याकाळी तुझा पाय लाल झाला होता. मी हात लावला तर गरम, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा, आणि उजवा पाय गार. चालणं झालंय, तू म्हणालीस, आणि हळद लावून घेतलीस. दुसऱ्या दिवसापासून तू उभी राहून स्वयंपाक करायला लागलीस. सूज उतरत नव्हती, पण दुखत नव्हतं. काही दिवसांनी तुझी डावी चप्पल पायात जाईना. तळव्याची कमान होती तिथे पाऊल खाली फुगून आलं, होडीच्या बुडासारखं, आणि घोटा आतल्या बाजूला कलला. मी घाबरले. आप्पा म्हणाले, दुखतंय का विचार तिला. मी विचारलं. तू म्हणालीस नाही. मग आम्ही तारखेची वाट बघितली. दुखलं तर या, असं सांगितलेल्या माणसाकडे न दुखता कसं जायचं?

तारखेला आपण गेलो. तू डॉक्टरच्या खोलीत चालत शिरलीस, मुद्दाम, त्याला दाखवायला. म्हणालीस, ‘‘साहेब, तुमनं ऑपरेशन एकदम मस्त, जरा बी दुखत नही.’’ त्याने एक्सरे बघितला आणि तो खुर्चीत बसला. आडवा स्क्रू मधोमध तुटला होता. पट्टी हाडापासून सुटून वाकली होती. आणि घोट्याच्या खालची हाडं, मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी दिसत होतं, कुस्करलेल्या भाकरीसारखी झाली होती. आतल्या बाजूला कातडीला भोक पडलं होतं आणि त्यातून स्क्रूचं डोकं दिसत होतं. आपल्यापैकी कुणी तिथे बघितलंच नव्हतं. त्याने हळू आवाजात विचारलं की चालायला कुणी सांगितलं. तू परत तेच म्हणालीस, दुखत नाही ना पण. तो म्हणाला, ‘‘बेन, एज तो तकलीफ छे.’’

हीच तर अडचण आहे. मला गुजराती चांगली येत होती, माय, शब्द कळले. पण डोक्यात शिरलं नाही. तो आप्पांना नसांबद्दल काहीतरी सांगत होता, साखरेने नस मरते असं, आणि रिक्षात आप्पा म्हणाले की ऑपरेशन बिघडवलं आणि आता साखरेवर ढकलतोय. आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. मग डॉक्टरने आतलं लोखंड काढलं, बाहेरून सळ्या घातल्या, जखम धुतली, पुन्हा धुतली. पू थांबला नाही. शेवटी गुडघ्याच्या खालून पाय काढला. त्यानंतर जे झालं त्याने तर आम्ही पार हबकलो. जो पाय होता तोवर कधी दुखला नाही, तो गेल्यावर दुखायला लागला. पट्टी बांधलेल्या टोकाकडे बोट दाखवून तू रडायचीस की अंगठा पिळतंय कुणी, टाचेत खिळा मारतंय. तिथे चादर होती नुसती. मी त्या रिकाम्या चादरीवरून हात फिरवायचे, आणि कधी कधी तुला बरं वाटायचं. काकू म्हणाली, कानबाईचा कोप आहे, विटाळ झाला असेल काहीतरी. तू पण तेच मानलंस. पुढच्या हिवाळ्यात किडनी गेली आणि तू गेलीस, तेव्हाही तू देवीची माफी मागत होतीस.

आता परवाचं सांगते. मला साखर निघून काही वर्षं झाली. गोळ्या घेते, चहा बिनसाखरेचा, तुझ्यासारखाच, आणि बाकीचं पण तुझ्यासारखंच. सुनेने बळजबरीने एका नव्या डॉक्टरीणबाईकडे नेलं, ती म्हणे पाय तपासते. पोरगी जळगावकडची, आपलीच बोली बोलते. मी हसतहसत तिला तुझी गोष्ट सांगितली. फुगडीपर्यंत पूर्ण रंगवून सांगितली. मला वाटलं ती तोंडात बोट घालेल. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिने विचारलं, जिन्यावरून पडल्या तेव्हाही फार दुखलं नव्हतं का हो त्यांना?

मग तिने सांगितलं, सावकाश, पोराला शिकवावं तसं. दुखणं ही पायाकडून येणारी बातमी. ती आणणाऱ्या नसा साखरेने आधीच मारल्या होत्या, जिना उतरायच्याही कितीतरी आधी. अशा माणसाचा घोटा मोडला तर डॉक्टर जास्त लोखंड घालतात, आणि इतरांपेक्षा दुप्पट काळ पाय टेकवू देत नाहीत. कारण टेकवला की आतली हाडं चुरत जातात, आणि माणसाला पत्ताच लागत नाही. पाय गरम होतो, लाल होतो, आकार बदलतो, तीच काय ती खूण. म्हणून रोज दोन्ही पायांना हाताची उलटी बाजू लावायची, एक गरम लागला की धावत यायचं. दुखायची वाट बघायचीच नाही, ती म्हणाली, ह्या पायांना दुखत नाही हेच सगळ्यांत वाईट.

माय, मला एवढंच दिसत होतं की ती म्हातारी तुझ्या घोट्यावर कपाळ टेकवतेय. तो आजार होता गं. अख्खी गल्ली ज्याच्या पाया पडली तो आजार होता. तू शूर नव्हतीस असं नाही म्हणत मी, तू शूर होतीसच, पण त्या पायाबाबतीत तुला शूर व्हायची संधीच कुणी दिली नव्हती. देवीने काही केलं नव्हतं, कृपा नाही, कोप नाही. तू फुकट माफी मागत गेलीस. मला इतका राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. त्या डॉक्टरने तर सांगितलं होतं. मी त्या गरम पायाला हात लावला होता, आणि गरम म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं.

हे पत्र पुढे कुठे जायचं आहे? फॉलच्या पेटीत कापडाखाली ठेवीन, सून तिथे हात घालत नाही. येत्या रविवारी कानबाई आहे. आता सासरी थोरली मीच, चौरंग माझ्याच डोक्यावर येतो, आणि तापी अजून तितकीच लांब आहे. डॉक्टरीणबाईने विचारलं, अनवाणी जाता का? मी म्हणाले, बघू.

एक राहिलं, ते गाळून चालणार नाही. तुझं सांगून झाल्यावर तिने मला खाटेवर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा दोरा काढला. तळव्याला दोरा टोचला की ‘हो’ म्हणायचं. मी दिवसभर दोऱ्यात असते, माय, बोटांना तर केसाएवढा दोरा समजतो. उजव्या पायाला कळलं, मी हो म्हणाले. मग ती डाव्या पायाकडे गेली असावी. खोलीत अगदी शांत होतं, पंखा तेवढा फिरत होता. मी तिच्या बांगडीच्या आवाजावर लक्ष ठेवलं, आणि बांगडी वाजली की हो म्हणत गेले. तिने खूश होऊन लिहून घेतलं. डाव्या पायाला मला काही कळलं नव्हतं.